आधी परत मागून बघावं

बोईसर
६ जून २०२५

आत्या,

सोमीमावशी इथला बाजार उरकून शिरगावला निघालीय, हे पत्र तिच्या पाटीतून, उरलेल्या सुक्या बोंबलांच्या खालून येतंय. तेव्हा आधी वास घे, मग वाच. परवा मी फोनवर केवढ्यांदा ओरडून बातमी सांगितली! ती शेजारच्या खोलीतल्या बिहारी भाऊंनी ऐकली आणि सकाळी जिन्यात मला "बधाई हो" म्हणाले. तुला मात्र ऐकू गेली नाही. होडीच्या इंजिनाच्या आवाजाने तुझा एक कान गेलाय तेव्हापासून फोनचा आणि तुझा छत्तीसचा आकडा आहे. म्हणून हा कागद.

मला नोकरी लागली! नवापूर रोडला एका मेडिकलच्या वर ऑफिस आहे. आम्ही चार-पाच मुली कॉम्प्युटरवर लेख लिहितो, लोक ते मोबाइलवर वाचतात. कोणी हिंदीत लिहितं, कोणी गुजरातीत, मराठीत मी एकटी. बी.ए. मराठीचं काय लोणचं घालणार, असं विचारणाऱ्या तमाम शिरगावकरांना हे कळव.

पण नोकरी अजून कच्ची आहे. आमचे मेहुल सर गुजराती. मराठी बोलतात झकास, वाचत मात्र एक ओळ नाहीत. त्यांच्याकडे एक आलेख असतो, कोणी लेख किती वेळ वाचला ते त्यात दिसतं. माझे पहिले दोन लेख लोकांनी उघडले आणि दारावरच्या फेरीवाल्याला घालवावं तसे मिटले. सर म्हणाले, "भाविकाबेन, तुमचं मराठी टीव्हीच्या बातम्यांसारखं आहे. घरचं माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे." तिसराही पडला तर मला सामान बांधायचंय.

तिसऱ्याचा विषय आहे, ऑनलाइन देण्याघेण्यात भरवशाचा कोण ते कसं ओळखावं. मी दोन दिवस नखं खाल्ली आणि मग तू आठवलीस. नवा व्यापारी बंदरावर गाडीतून उतरतो, तू कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघतेस आणि तू लिलाव पुकारायला लागायच्या आत तुला तो कळलेला असतो. कसा काय? सगळं लिही. बोलतेस तसंच लिही, शाळेतल्यासारखं नको.

तुझी
भाविका


शिरगाव
११ जून

भाविके,

पत्राला वास नव्हता. सोमीचा माल चोख असतो, तिला उगाच बदनाम करू नकोस. नोकरीचं वाचून मला रडू आलं. बंदरावरची भागी समोर होती, तिला म्हटलं कांदा चिरत होते. हातात कांदा नव्हता, पण भागी चष्मा लावत नाही ते बरं.

आता तुझा प्रश्न. मी सातवी शिकलेली बाई, पण या विषयात मला विचारलंस ते शहाणपणाचं केलंस. पहिल्याच दिवशी जो सगळ्यांहून चढा भाव देतो, त्याच्याकडे मी ढुंकूनही बघत नाही. तोच माणूस आठवड्याने पाटी उलटीपालटी करून म्हणतो, मासा मऊ आहे. आणि कोणाला फायद्याचं कधी विचारू नये. बर्फ वितळला, गाडी मनोरला बंद पडली, माल फुकट गेला, तेव्हा तू काय केलंस दादा, असं विचारावं. माझं असं कधी झालंच नाही म्हणणारा एक तर नवा असतो, नाही तर लबाड.

राहिलं माझं नेहमीचं, जे बंदरावरची पोरंसुद्धा माझा आवाज काढून म्हणतात. आधी परत मागून बघावं. एक पाटी द्यावी, आणि घटकाभराने म्हणावं, दादा, विचार बदलला, माझी पाटी दे. तोंड वाकडं न करता जो देतो, त्याला उद्या दहा द्याव्यात. वीस वर्षांत या रीतीने मला कधी दगा दिला नाही.

लोक विचारतात, हिरा, तुझा शब्द का चालतो? मी व्यापाऱ्याचा चहासुद्धा पीत नाही म्हणून. तुझे आतोबा गेले तेव्हा मला होडी राहिली नाही, जाळं राहिलं नाही. माझ्या शब्दावर लोक माल सोडतात, एवढंच राहिलं. तेवढ्यावर चूल पेटली. हे लेखात घालू नकोस, हे तुला सांगितलं.

इथे मासेमारीची बंदी चालू आहे. होड्या वर ओढल्यात, आणि जाळं शिवायच्या निमित्ताने बसलेले सगळे बाप्ये मोबाइलात क्रिकेट बघतात. होडीवर ज्यांचा हुकूम चालतो ते आपले वामन तांडेलसुद्धा! ज्या माणसाने आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, तो आता मला गुगली समजावून सांगतो. मी हो हो म्हणते. जेवत जा.

आत्या


बोईसर
२० जून

आत्या, आत्या, आत्या!

लेख चालला. नुसता चालला नाही, धावला. लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मेहुल सरांनी सगळ्यांना तो आलेख दाखवला आणि फरसाण मागवलं. पुढच्या महिन्यापासून मी पक्की.

मी तुझं बोलणं जवळपास आहे तसंच घातलं. "आमच्या बंदरावरची एक जाणती बाई सांगते" अशी सुरुवात केली. तुझं नाव नाही घातलं, माझंही नाही. अशा लेखांवर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. घरचं ते मात्र वगळलंय, काळजी करू नकोस.

लेख नक्की कोणासाठी होता ते सावकाश सांगेन, कागदावर समजावणं कठीण आहे. सोमीमावशीबरोबर तुझ्यासाठी साडी पाठवलीय. रंग भडक वाटला तरी नेस. तुझ्यामुळे मिळालेली आहे.

भाविका


शिरगाव
५ जुलै

भाविके,

साडी नेसले. भागी म्हणाली, लग्नाला चाललीस का? म्हटलं, हो, तुझ्याच.

आता ऐक गंमत. काल वामनभाऊजी मोबाइल नाचवत माझ्या पडवीत आले. "वयनी, तू तं फेमस झाली! ह्ये बघ, तुझाच बोलना हाय!" आणि त्यांनी मला वाचून दाखवलं. बर्फ वितळला, तोंड वाकडं न करता, सगळं माझं. मला एवढा आनंद झाला की मी त्यांना सांगून टाकलं, ते आमच्या भाविकाने लिहिलंय.

ते म्हणाले, "मंग तं खराच असनार." त्या लेखात जी साइट चांगली म्हणून सांगितलीय, तिच्यात त्यांनी थोडे पैसे ठेवले होते. कोणती टीम जिंकणार ते सांगायचं, बरोबर आलं की पैसे वाढतात. मी म्हटलं, भाऊजी, हा सट्टा ना? तर म्हणाले, "सट्टा व्हता तं भाविकानी कशाला लिवला असता? न् मी तुझ्या रीतीनी बघितला ना. पैशे परत मागितले, दुसऱ्या मिनटाला आले. तोंड वाकडा नाय केला." आता नव्या जाळ्यासाठी जमवलेले पैसे तिथे ठेवणार आहेत. हंगामापर्यंत वाढले तर जाळ्याबरोबर इंजिनाचंही काम होईल म्हणतात.

मी म्हटलं, भाविकाने लिहिलंय म्हणजे बघूनसवरूनच लिहिलं असेल. बरोबर बोलले ना? रात्रीपासून मनात आहे म्हणून विचारते. हे दुकान आहे तरी कोणाचं? मालक राहतो कुठे? तू भेटलीस त्याला?

आत्या


बोईसर
६ जुलै

आत्या,

वामनकाकांना थांबव. हे वाचतेस तशी ऊठ आणि त्यांच्याकडे जा.

तो सट्टाच आहे. माझा लेख "क्रिकेटवर पैसे लावायला भरवशाची साइट कशी निवडावी" असा होता. मी तुला निम्मंच सांगितलं, कारण पूर्ण सांगितलं असतं तर तू एक ओळही लिहून दिली नसतीस. ज्या साइटचं नाव लेखाच्या शेवटी आहे, ती आमच्या ऑफिसला पैसे देते. मालक कोण ते मला माहीत नाही. मेहुल सरांनाही माहीत नसावं, ते म्हणतात कुठल्या तरी बेटावर कंपनी आहे. मी कोणालाही भेटलेले नाही. मी काहीही बघितलेलं नाही. मी फक्त छान लिहिलं.

वामनकाकांना सकाळपासून फोन लावतेय, उचलत नाहीत. मी स्वतः रिक्षा करून यायला हवं होतं. स्टॅंडपर्यंत गेलेही, आणि तुझ्यासमोर कोणतं तोंड घेऊन उभी राहू या विचाराने परत फिरले. सोमीमावशीला हात जोडून सांगितलंय, आज माल राहिला तरी चालेल, लवकर जा.

भाविका


शिरगाव
१४ जुलै

भाविका,

सोमी त्या दिवशी निम्मा माल परत घेऊन धावत आली. उपयोग झाला नाही. वामनभाऊजींनी आदल्याच संध्याकाळी सगळे पैसे घातले होते. त्यांना पटवायला मला वेळ लागला नाही, तुझं पत्रच पुढे धरलं. त्यांनी लगेच परत मागितले. साइटवाले आधी म्हणाले, तपासणी चालू आहे. मग म्हणाले, काढायचे असतील तर अजून एवढे भरा. आता त्यांचं खातंच उघडत नाही.

भाऊजींनी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला म्हणाले, पैसे पालघरला गर्दीत मारले. माझ्याशी बोलत नाहीत. समोरून आले की समुद्राकडे बघतात.

तुझ्यावर मी रागावले आहे, ते लपवत नाही. चार दिवस पत्र लिहायला बसत होते आणि कागद फाडत होते. लबाडी केलीस तीही माझ्याशी. पण भाविका, त्याहून जास्त मला माझाच राग येतो. वीस वर्षं मी ती रीत मिरवली आणि ती का चालते याचा कधी विचार केला नाही. व्यापारी पाटी परत देतो, कारण उद्या पहाटे त्याला त्याच वाळूत माझ्यासमोर उभं राहायचं असतं. खोटा वागला तर साऱ्या बंदरावर त्याला कोणी पाणी विचारणार नाही. या साइटवाल्याला कुठे उभं राहायचंय? पैसे परत देणं हेच त्याच्या गळाला लावलेलं आमिष होतं, आणि माझ्या रीतीने वागणारा मासा ते सगळ्यात आधी खाणार होता.

आता पुढचं. तो लेख गावात अजून चारजण वाचतायत. परवा भागीचा जावई माझा आवाज काढून म्हणत होता, "आधी परत मागून बघावं." त्याच्याही खात्यात पैसे गेलेत, अजून थोडेच. लोकांना वाटतं, लिहिणाऱ्याने बंदरावर येऊन माझं बोलणं चोरलं. मी सगळ्यांना खरं सांगणार आहे.

तुला आपली रीत माहीत आहे. हंगामाची पहिली होडी लागते, तिचा तांडेल पहिली पाटी ज्या बाईपुढे ठेवतो, ती वर्षभर लिलाव करते. पहिली होडी दरवर्षी वामनभाऊजींची असते, आणि पाटी माझ्यापुढे येते. यंदा येईल असं मला वाटत नाही. ती आली नाही तर या वयात मी काय करायचं, ते मला माहीत नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण माझी भीती तुला नाही तर कोणाला सांगू?

आत्या


बोईसर
१८ जुलै

आत्या,

रागाव. आणखी रागाव. पण हात जोडते, गावात सांगू नकोस. लोकांना वाटतंय ना कोणी चोरलं, मग वाटू दे. तुझं नाव माझ्यामुळे जाणार असेल तर मी कुठे जाऊ? मी येऊन सगळ्यांना सांगते की ती साइट वाईट आहे. तुझे शब्द होते हे कशाला सांगायचं?

मी हात बांधून बसलेली नाही. सायबरच्या हेल्पलाइनला माझ्याकडे होती तेवढी सगळी माहिती दिली. वामनकाकांनी स्वतः तक्रार केली तर जोर येईल म्हणाले. त्यांना मेसेज केलाय, त्यांनी वाचला, उत्तर नाही.

मेहुल सरांना म्हटलं, लेख काढा. ते म्हणाले, "भाविकाबेन, दुकानात चाकू विकतात. कोणी बोट कापलं तर दुकान बंद करतात का?"  उत्तर सुचलं ते रात्री अंथरुणावर, नेहमीसारखं. चाकूवाला गिऱ्हाइकाला हे लोणी आहे असं सांगून चाकू देत नाही.

मग मी एक उद्योग केला. तो लेख बदलायची किल्ली माझ्याकडेच आहे. मथळा तोच ठेवला, "क्रिकेटवर पैसे लावायला भरवशाची साइट कशी निवडावी." चित्रं तीच. आतला मजकूर सगळा नवा लिहिला. एका तांडेलाने, नाव न घालता, कशी रीतसर पारख केली आणि तरी कसा फसला, ते लिहिलं. तू पाठवलेलं वाळूचं ते वाक्य शेवटी घातलं, की ज्याला उद्या आपल्यासमोर उभं राहायचं नाही, त्याची पारखच होत नाही. आणि सांगितलं, निवडू नका, कुठलीच निवडू नका.

ऑफिसात मराठी वाचणारं दुसरं कोणी नाही. बघू किती दिवस टिकतं.

भाविका


शिरगाव
३० जुलै

भाविके,

तुझं ऐकलं नाही. सांगितलं.

वीस तारखेच्या रविवारी देवळात सगळे जमले होते, होड्या कधी काढायच्या ते ठरवायला. बोलणं संपल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, तो मोबाइलमधला लेख माझ्या भाचीने लिहिलाय आणि त्यातले शब्द माझे आहेत, कोणी चोरलेले नाहीत. ती साइट खोटी आहे. माझी रीत तिथे चालत नाही. ज्याने पैसे घातले असतील त्याने आज काढावे, आणि ज्याचे गेले असतील त्याने मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्या. वामनभाऊजींचं नाव मी घेतलं नाही. ते खांबाला टेकून बसले होते. माझं बोलणं संपायच्या आधी उठून गेले.

 सगळ्यांत आधी भागी म्हणाली, "मंग औंदा लिलाव कोन करनार?" तिला वाईट म्हणू नकोस. तिचा आवाज माझ्याहून मोठा आहे आणि तिलाही घर चालवायचंय. जावयाने मात्र तिथेच मोबाइल काढला आणि त्याचे पैसे आले परत. थोडे होते म्हणून आले असतील. येताना भागीच मला धरून घरी घेऊन आली, तेव्हा माणसाचं काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई-दोरा घेतला आणि वामनभाऊजींच्या अंगणात गेले. नवं जाळं आता येत नाही, म्हणजे जुनं शिवणं आलं. ते एका टोकाला बसले होते. मी दुसऱ्या टोकाला बसले. माझ्या बापाने मला मुलग्यासारखं जाळं शिवायला शिकवलंय, ते हात विसरले नव्हते. भाऊजींनी एकदा वर बघितलं, ऊठ म्हणाले नाहीत. म्हणून रोज जाते. ते बोलत नाहीत, मीही बोलत नाही. त्यांची बायको दोघांच्या मधे चहा ठेवते आणि आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघते. परवापासून सोमी येते, शेजारची पोरं येतात, काल तर भागीचा जावईही येऊन बसला. जाळं आहेही मोठं आणि फाटलेलंही भरपूर.

तुझा नवा लेख सोमीच्या मुलीने मला वाचून दाखवला. पहिल्याहून बरा आहे. पहिल्यात तू माझं सोंग घेतलं होतंस, यात तू आहेस.

आत्या


बोईसर
८ ऑगस्ट

आत्या,

उद्या नारळी पौर्णिमा. माझ्या वाटचा नारळ तू सोड.

माझी नोकरी गेली. हसू नकोस, पण गेली ती फार मजेशीर गेली. नवा लेख तब्बल दोन आठवडे टिकला. इतका टिकला, की मधे मेहुल सरांनी मला पुन्हा फरसाण दिलं! लोक आधीपेक्षाही जास्त वेळ वाचत होते. सर म्हणाले, "वाह भाविकाबेन, काय जादू केली?" मी फरसाण खाल्लं. काय करू, भूक लागली होती.

मग साइटवाल्यांचा फोन आला, की मराठीतून एकही नवा माणूस येत नाही. सरांनी खालच्या मेडिकलवाल्या जिव्यादादाला वर बोलावून लेख वाचून घेतला. तो मोठ्याने वाचत होता, आणि आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो होतो. वाचून झाल्यावर जिव्यादादा डोळे पुसून म्हणाला, "एकदम बरोबर लिवलंय, शेठ. माज्या भावाचंबी असंच झालं." सरांनी मला पाच मिनिटांत सामान घ्यायला सांगितलं. ओरडले नाहीत पण. जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "माझा मुलगा कॉलेजात आहे, तोही लावतो वाटतं."  मी म्हटलं, त्यालाही जिव्यादादाकडून वाचून घ्यायला सांगा.

सध्या स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. भाडं निघतं. आणि तो लेख जिव्यादादाच्या ओळखीने पालघरच्या एका साप्ताहिकाकडे गेला. त्यांना छापायचाय. मानधन ऐकून मला हसू आलं, पण खाली माझं नाव छापणार आहेत. या वेळी आधी विचारते. तुझं बोलणं त्यात घालू का? नको म्हणालीस तर ते काढून पाठवीन.

आणि आत्या, पहिली होडी लागेल तेव्हा काय होईल? मला झोप येत नाही. पाटी तुझ्यापुढे आली नाही तर तू बोईसरला ये. माझी खोली लहान आहे, पण दोघींची होईल. सासरी आल्यासारखी लाजू नकोस, हक्काने ये.

भाविका


शिरगाव
१४ ऑगस्ट

भाविके,

आज पहाटे पहिली होडी लागली. 

मी जाणारच नव्हते. रात्रीच ठरवलं होतं, घरी बसायचं, पाटी दुसरीपुढे जाताना बघायची नाही. पण पहाटे होडीचं इंजिन ऐकलं, त्या माझ्या चांगल्या कानाने, आणि पाय आपोआप निघाले. तू दिलेली भडक साडी नेसले. जायचंच तर रडव्या तोंडाने कशाला जायचं? किनाऱ्यावर सगळ्या बायका रांगेत उभ्या होत्या. मी शेवटी, भागीच्या मागे उभी राहिले. व्यापाऱ्यांच्या गाड्या आल्या होत्या.

वामनभाऊजी होडीतून उतरले. गुडघाभर पाण्यातून पाटी डोक्यावर घेऊन आले. रांगेसमोरून सरळ चालत शेवटपर्यंत आले, आणि भागीला म्हणाले, "जरा सरक." भागी सरकली. त्यांनी पाटी माझ्या पायाशी ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. वळून व्यापाऱ्यांना म्हणाले, "लिलाव हिरावयनी करनार. माज्ये जाल्याचे पैशे त्या मोबाइलात गेले, मी लाजेनी कोनाला बोललो नाय, बायकोला पन खोटा सांगितला. ही मात्र भर देवलात उभी रायली न् स्वतःची चूक बोलली. आमाला लिलावाला असाच मानूस पायजे."

त्यांची बायको तिथेच होती. तिला तेव्हाच कळलं. ती म्हणाली, "घरी चला, मंग बघते." सगळं बंदर हसलं, आणि भाऊजीही हसले. महिनाभराने मी त्यांना हसताना बघितलं. शिवलेलं जाळं कुठेही उसवलं नाही, हेही तुला सांगायला हवं. आणि उद्या ते पालघरला जाऊन तक्रार देणार आहेत, आता लपवायला काही राहिलं नाही म्हणतात.

मी बोली सुरू केली. पहिला आकडा मी इतका हळू बोलले, की मागून कोणी तरी ओरडलं, "वयनी, ऐकू नाय आला!" मग बोलले. तो सातपाटीपर्यंत ऐकू गेला असेल.

साप्ताहिकाच्या लेखात माझं बोलणं घाल. माझं नावही घाल, पूर्ण घाल. गाव शिरगाव असंही लिही. कोणाला विचारायचं असेल तर मी रोज पहाटे बंदरावर असते.

आणि आता ते स्टॅंडपर्यंत येऊन परत फिरणं बंद कर. वामनभाऊजींनी तुझ्यासाठी दोन मोठी पापलेटं बाजूला काढून माझ्याकडे दिलीत. म्हणाले, "पोरीला सांग, आधी ये न् माज्या शिव्या खा, मंग जेवायला बस." मी मसाला लावून ठेवते. सोमीबरोबरच ये.

आत्या